पाठ असलेला शब्द आणि ओठांवर आलेला शब्द

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत परदेशी भाषांच्या शिक्षणावर आलेला लेख मी दोनदा वाचला. जपानी, जर्मन, फ्रेंच या भाषा शिकणाऱ्या तरुणांपुढे नोकरीच्या कोणत्या वाटा खुल्या होतात, कोणत्या पातळीच्या परीक्षेला साधारण किती शब्द लागतात आणि रोज किती शब्द पाठ केले म्हणजे किती महिन्यांत यादी हातावेगळी होते, याचा हिशेब त्यात नेमकेपणाने मांडला होता. माझी सगळी नोकरी लेखा विभागात झाली, त्यामुळे हिशेबाचे मोल मी जाणते आणि त्या लेखाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शब्द पाठ असणे आणि तो वेळेला तोंडातून निघणे यांत किती अंतर असते, हे गेल्या दीड वर्षात मला माझ्याच घरात फार जवळून पाहावे लागले. ते आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः भाषा शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

निवृत्तीनंतर, 2023 च्या जूनमध्ये, मी पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला नाव घातले. कारण अगदी घरगुती होते. माझी मुलगी आणि जावई नागोयाला असतात आणि नात तिथल्याच पाळणाघरात जाते. व्हिडिओ कॉलवर ती अर्धे मराठी आणि अर्धे जपानी बोले, आणि तिच्या अर्ध्या बोलण्याला मी नुसती हसून मान डोलावत असे. ते मला बरे वाटेना. वर्गात मी वयाने सर्वांत मोठी होते. बाकीची मुले-मुली अभियांत्रिकीची, काही परिचारिकेचे शिक्षण घेतलेली, आणि सगळ्यांना परीक्षेची घाई. पहिल्याच आठवड्यात आम्हाला शब्दांच्या छापील याद्या मिळाल्या आणि दर शनिवारी त्यांवर चाचणी सुरू झाली. घोकंपट्टीची सवय शाळेपासूनची असल्यामुळे मी त्यात मागे पडले नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची सर्वांत खालची, म्हणजे एन फाइव्ह पातळी दिली आणि उत्तीर्णही झाले. मात्र त्याच आठवड्यात नातीने फोनवर विचारले, "आजी, काय करतेस?" हा साधा प्रश्न तिने जपानीत विचारला होता. मला तो कळला, उत्तरातला प्रत्येक शब्द मला येत होता, आणि तरीही एक वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडले नाही.

ही परीक्षा ज्यांनी दिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. ती 1984 पासून घेतली जाते. 2010 मध्ये तिची रचना बदलली, चार पातळ्यांच्या पाच झाल्या आणि तेव्हापासून कोणत्या पातळीला कोणते शब्द येतील याची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. जुन्या सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे 800 शब्द आणि 100 चित्राक्षरे धरली जात. तोच आकडा आजही वर्गावर्गांतून फिरतो आणि मुले त्याच याद्या पाठ करतात. या परीक्षेच्या कोणत्याही पातळीवर बोलावे लागत नाही आणि वाक्यही लिहावे लागत नाही. वाचायचे, ऐकायचे आणि दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा. म्हणजे शब्द समोर आला तर तो ओळखता येतो की नाही, एवढेच तिथे तपासले जाते. समोर काहीही नसताना तो आपल्या आतून काढता येतो की नाही, हे तपासले जात नाही.

2024 च्या फेब्रुवारीत माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. हे पूर्वी चिंचवडच्या एका कारखान्यात आरेखक होते. बोलणे मोजके, पण शब्दाला शब्द चपखल. तेच आता चमच्याकडे पाहत, चमचा हवा आहे हे त्यांना पुरते ठाऊक असताना, "ते... ते..." एवढेच म्हणू शकत होते. नातेवाइकांपैकी काहींनी त्यांच्या देखत मला विचारले, "यांना समजते का काही?" त्यांना सगळे समजत होते. त्या प्रश्नावर त्यांनी मान फिरवून भिंतीकडे तोंड केले, ते मी विसरू शकत नाही.

ज्या रुग्णालयातून त्यांना घरी सोडले, तिथे औषधांची चिठ्ठी मिळाली, हातापायांच्या व्यायामाचा कागद मिळाला, पथ्य सांगितले गेले. वाचेसाठीही उपचार असतात, त्याचे शिक्षण घेतलेली माणसे असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते मला पुढे जवळपास दोन महिन्यांनी, शेजारच्या एका बाईंकडून कळले. त्या दोन महिन्यांचे मला अजून वाईट वाटते.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीतच सांगितले की याला वाचाघात म्हणतात, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा तो होतो आणि माणसाची बुद्धी त्यात जात नाही. "शब्द आत आहेत, वाट बंद झाली आहे," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी ह्यांना बेचा पाढा म्हणायला सांगितले. मला तो क्रूरपणा वाटला. पण बाईंनी "बे एके बे" अशी सुरुवात करून दिली आणि ज्यांना "पाणी" म्हणता येत नव्हते ते हे "बे दुणे चार, बे त्रिक सहा" करत थेट "बे दाहे वीस" पर्यंत अडखळल्याशिवाय गेले. बाराखडी आली, वारांची नावे आली, "भीमरूपी महारुद्रा" अर्ध्यापर्यंत आले. लहानपणापासून ओळीने म्हटलेले जे असते ते पुष्कळ रुग्णांमध्ये शाबूत राहते, अडते ते हवा तो एकच शब्द सुटा काढण्यापाशी. त्या दिवशी संध्याकाळी मी विचारले, "किती पोळ्या वाढू?" तेव्हा ह्यांनी डोळे मिटून "एक, दोन, तीन" असे मोजले आणि तीनवर थांबून डोळे उघडले. तीन हा शब्द त्यांना सुटा सापडत नव्हता. ते एकापासून चालत त्याच्यापर्यंत गेले होते.

जपानीत "पाठ करणे, लक्षात ठेवणे" याला "ओबोएरु" म्हणतात आणि "आठवणे" याला "ओमोइदासु". दुसऱ्या शब्दातला "दासु" म्हणजे बाहेर काढणे. हे दोन्ही शब्द माझ्या यादीत एकाखाली एक होते आणि मी ते एका दमात पाठ करून टाकले होते. त्यांच्यातला फरक मला कळला तो ह्यांच्या पलंगाशेजारी बसून. ह्यांचे ओबोएरु सगळे जागच्या जागी होते, ओमोइदासु गेले होते. आणि माझी स्थिती, झटका न येताही, जपानीपुरती तीच होती. यादीतून आत गेलेला शब्द बाहेर काढायची वाट मी कधी तयारच केली नव्हती.

वर्ग काही महिने सुटला. पण बाईंनी चित्रांची पत्ते-कार्डे करायला सांगितली होती, आणि घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या पाठकोऱ्या बाजू कापून मी कार्डे केली. एका बाजूला चित्र काढले, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहिला आणि, कागद वाया जाऊ नये या सवयीने, त्याच्या खाली जपानी शब्दही लिहिला. तांब्याचे चित्र, पाणी, मिझु. खिडकीचे चित्र, खिडकी, मादो. गोळीचे पाकीट, औषध, कुसुरि. सकाळी अर्धा तास ह्यांचा, आणि ह्यांचा झाला की त्याच कार्डांवर माझा. हे ऐकत पडून असत.

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी कार्डे उलटी धरून माझीच परीक्षा घेत होते आणि "कासा" या शब्दाशी अडले. अक्षर वाचता येत होते, अर्थ काही केल्या आठवेना. "कासा, कासा," असे मी तीन-चार वेळा म्हटले. पलंगावरून आवाज आला. हे डाव्या हाताने दाराच्या मागे दाखवत होते. तिथे खुंटीला त्यांची काळी, लांब दांड्याची, दोन तारा वाकलेली छत्री टांगलेली होती. मी पाहतच राहिले. मग त्यांनी ओठ जुळवले, "छ... छ..." झाले, मान हलवली, पुन्हा सुरुवात केली आणि म्हणाले, "छत्री." रोज माझी घोकंपट्टी ऐकून त्यांना तो जपानी शब्द माहीत झाला होता, आणि मी अडले आहे हे दिसताच मला मदत करावी म्हणून त्यांनी त्यांचा मराठी शब्द बाहेर काढला होता. बाईंनी सरावात छत्रीचे कार्ड त्यांच्यापुढे कितीतरी वेळा धरले होते, पण तेव्हा हा शब्द निघाला नव्हता. निघाला तो कोणाला तरी त्याची गरज आहे, हे दिसले तेव्हा.

त्या दिवसापासून मी यादी पाठ करणे सोडले. रोज पाच शब्द घेते, आणि प्रत्येक शब्दाचे एक वाक्य त्या दिवशी घरात घडलेल्या गोष्टीचे करते, आणि ते ह्यांना मोठ्याने सांगते, आधी जपानीत आणि मग मराठीत. वही भरत गेली तसे माझ्या ध्यानात आले की शब्दांच्या निमित्ताने मी आमच्या संसाराची नोंद करत आहे.

नवरा-बायकोचे शब्दच घ्या. आमच्या पिढीतल्या बायकांनी नवऱ्याचे नाव घेतले ते उखाण्यात. एरवी "अहो", नाहीतर "आमचे हे". जपानी बायका नवऱ्याला "आनाता" म्हणून हाक मारतात आणि त्याचा सरळ अर्थ आहे "तुम्ही". आपल्या नवऱ्याविषयी परक्याशी बोलताना "शुजिन" म्हणतात, म्हणजे मालक. आमच्या आजोळी कऱ्हाडकडे बायका आजही "आमचे मालक" म्हणतात. बायकोला "कानाइ" म्हणतात, त्याची अक्षरे "घर" आणि "आत" ही आहेत, आणि माझे सासरे सासूबाईंविषयी बाहेरच्या माणसाशी बोलताना "घरात विचारून सांगतो" असे म्हणत. नवऱ्याला आणखी एक शब्द आहे, "दान्ना". तो मूळचा संस्कृत "दान". बौद्ध धर्माबरोबर तो तिकडे गेला, दान देणारा आश्रयदाता या अर्थाने रुजला, पुढे मालक आणि त्यापुढे नवरा असा त्याचा प्रवास झाला. प्रेमाला "आइ" म्हणतात. हा शब्द मी ह्यांना सांगितला तेव्हा हे हसले, कारण दुखले की न अडखळता त्यांच्या तोंडून निघणारा एकमेव शब्द "आई गं" हाच होता. "माझे तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य जपानी नवरा-बायको सहसा एकमेकांना बोलून दाखवत नाहीत, असे आमच्या शिक्षिका सांगतात. आम्हीही एकोणचाळीस वर्षांत ते कधी म्हटले नाही, आणि त्याची उणीव मला कधी भासली नाही.

पण एका गोष्टीची उणीव मात्र मला जपानीनेच दाखवली. त्या भाषेत देण्यासाठी निराळी क्रियापदे आहेत. मी दुसऱ्याला दिले तर "आगेरु". दुसऱ्याने मला दिले तर "कुरेरु". आपण मराठीत "आणून दिले", "करून दिले" म्हणतो तशीच ही क्रियापदे दुसऱ्या क्रियापदाला जोडता येतात, आणि कोणी माझ्यासाठी काही केले तर तिथे "कुरेरु" लावायचे असते. नुसते "त्याने केले" म्हटले तर वाक्य चुकत नाही, पण त्या माणसाचे उपकार आपल्या लेखी नाहीत, असे ते ऐकू येते. गेल्या पावसाळ्यानंतर मी संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गाला पुन्हा बसू लागले, तेव्हा या क्रियापदाची दहा वाक्ये करून आणायला सांगितली होती. मी पहिले लिहिले, "ओत्तो गा ओचा ओ इरेते कुरेमाशिता." नवऱ्याने मला चहा करून दिला.

हे पहिल्या पाळीला जायचे तेव्हा पाचला उठत. स्वतःचा चहा करत, माझा कप भरून त्यावर बशी झाकून ठेवत, आणि जाताना दाराशी "येतो गं" म्हणत. मी साडेपाचला उठे तेव्हा बशीला आतून वाफेचे थेंब धरलेले असत. पाळी बदलली, नोकरी संपली, तरी पहिला चहा त्यांचाच राहिला, फेब्रुवारीतल्या त्या सकाळपर्यंत. त्या चहाबद्दल मी त्यांना कधी काही म्हटले नाही. घरात कोण कोणाचे आभार मानते? पण ते क्रियापद लिहिताना माझा हात थांबला. दहाची दहा वाक्ये ह्यांच्याविषयीच झाली, आणि ती सगळी भूतकाळात होती. शिक्षिकांनी वाचून दाखवायला सांगितले तेव्हा चौथ्या वाक्यापुढे मला वाचता आले नाही. त्या रात्री ती दहाही वाक्ये मी ह्यांना मराठीत वाचून दाखवली. हे डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साखर." माझ्या चहात साखर अर्धा चमचा, हे त्यांनी कधी चुकवले नव्हते, आणि माझ्या वाक्यांत ती राहून गेली होती.

आता जरा वर्गाकडे येते. माझ्याबरोबर लातूरकडची एक मुलगी शिकते. परिचर्येचे शिक्षण घेतलेली, बावीस वर्षांची. तिला जपानमध्ये वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करायचे आहे. जपानने 2019 च्या एप्रिलपासून विशिष्ट कौशल्ये असलेल्या परदेशी कामगारांसाठी निराळा व्हिसा सुरू केला, 2021 च्या जानेवारीत भारताने त्याबाबत जपानशी सहकार्याचा करार केला, आणि तेव्हापासून आपल्याकडची पुष्कळ मुले-मुली या वाटेने जाण्याची तयारी करत आहेत. वृद्धांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा, म्हणजे ज्याला तिकडे "काइगो" म्हणतात, त्या कामासाठी भाषेची सर्वसाधारण परीक्षा आणि त्या कामापुरत्या भाषेची आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ही मुलगी सराव-चाचण्यांत नेहमी पहिल्या तिघांत असते.

एका रविवारी ती आमच्याकडे आली होती. ह्यांचा उजवा खांदा दुखत होता आणि कसा दुखतो ते त्यांना सांगता येत नव्हते. मी नेहमीप्रमाणे विचारू लागले, "ठसठसतो? चुरचुरतो? टोचल्यासारखे होते? मुंग्या येतात?" आणि हे "ठसठसतो" वर मान हलवते झाले. ती मुलगी ऐकत होती. जपानीतही दुखण्याचे असेच दुहेरी शब्द आहेत. ठसठस ठणकते ते "झुकि झुकि", टोचते ते "चिकु चिकु", चुरचुरते ते "हिरि हिरि", डोक्यात घण पडतात ते "गान गान". पावसाचेही तसेच, धो धो पडतो तो "झा झा", रिपरिप लागते ती "शितो शितो". मराठी माणसाला हे शब्द शिकवावे लागू नयेत, इतके ते आपल्या कानाला ओळखीचे वाटतात. तिने वहीत सगळे लिहून घेतले, ह्यांच्या खांद्याला हात लावून एकेक शब्द जपानीत विचारून पाहिला, आणि मला म्हणाली, "काकू, हे आमच्या यादीत नाही हो. आणि तिथल्या आजोबांना मला रोज हेच विचारायचे आहे." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि त्या आजोबांनाही काकांसारखे बोलता येत नसले तर?"

शुश्रूषेला जपानीत "सेवा" म्हणतात. हा शब्द आणि आपला शब्द एकाच मुळाचे आहेत, असा दावा मी करत नाही. पण उच्चारही तोच आणि अर्थही जवळजवळ तोच. कोणाचा निरोप घेताना "आपण माझे फार केलेत" या अर्थाने "ओसेवा नि नारिमाशिता" म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. आमच्या त्या मुलीला हे वाक्य दोन वर्षांपासून पाठ आहे. ते तिने पहिल्यांदा खऱ्या माणसाला उद्देशून म्हटले ते त्या रविवारी, आमच्या दारात चपला घालताना.

म्हणून आपल्या लेखात ज्या संस्थांचा उल्लेख आहे त्यांना आणि पुण्यात जपानी, जर्मन शिकवणाऱ्या सर्वांनाच माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात ही परंपरा मोठी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषांच्या वर्गांतून कित्येक पिढ्या शिकून गेल्या, सिंहगड रस्त्यावर ओकायामा मैत्रीचे उद्यान उभे आहे, आणि चांगल्या शिक्षकांची इथे वाण नाही. परीक्षा असावी, तिच्यावाचून व्हिसा आणि नोकरी मिळत नाही हे मला समजते. पण शनिवारच्या चाचणीत पन्नास शब्दांचे पर्याय ओळखून घेण्याऐवजी निदान पाच शब्द प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर घरात कोणाशी तरी वापरून यावेत आणि कोणाशी, कशासाठी वापरले ते वर्गात उभे राहून सांगावे, एवढे तरी व्हावे. आईला समजले नाही तरी चालेल. "मादो उघड" म्हणून खिडकीकडे हात केला की तिला समजते, आणि एकदा तिने खिडकी उघडली की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. वर्गातल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती म्हणतात की वेळ नाही. "विसरणे" आणि "कामाच्या गडबडीत असणे" हे दोन शब्द जपानी लिहिताना एकाच दोन भागांपासून होतात. एक भाग हृदयाचा, दुसरा नाहीसे होण्याचा. पहिल्यात ते वरखाली मांडतात आणि दुसऱ्यात शेजारीशेजारी. आम्हा दोघांच्या नोकरीची तीस वर्षे त्या दुसऱ्या अक्षरात गेली, हे मी त्यांना सांगत नाही, पण मला ते अक्षर लिहिताना दरवेळी आठवते.

ज्यांच्या घरी वाचाघाताचा रुग्ण आहे अशा वाचकांनाही दोन शब्द सांगते, वैद्यकीय सल्ला म्हणून नव्हे, तर त्याच वाटेने चाललेल्या बाईचा अनुभव म्हणून. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नका. त्यांचे वाक्य घाईने पुरे करू नका. आम्ही मनात दहा अंक मोजतो. "याला काय म्हणतात?" अशी परीक्षा दिवसभर घेण्यापेक्षा, त्यांच्यावाचून तुमचे अडते आहे अशा जागा त्यांच्यासाठी राहू द्या. मला आजही कित्येक जपानी शब्द आठवत नाहीत आणि ते मी मुद्दाम विसरते असे ह्यांना वाटत असावे, पण तसे नाही. मला खरोखरच आठवत नाहीत, आणि हे मला सांगतात.

संध्याकाळी आम्ही दोघे ओळीने म्हणतो. हे बाराखडी म्हणतात आणि मी जपानी वर्णमाला, "आ इ उ ए ओ, का कि कु के को". तो क्रम आपल्या कानाला ओळखीचा वाटतो, याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णविचारावरून तो बसवला गेला, असे अभ्यासक मानतात. नागोयाहून फोन आला की नातही त्यात सामील होते आणि तिच्या आजोबांना "क ख ग" पुढे काय ते विचारते. आजोबांना ते येते.

जपानी माणूस घरातून निघताना "इत्तेकिमासु" म्हणतो, म्हणजे "जाऊन येतो", आणि घरातले माणूस "इत्तेराश्शाइ" म्हणते, "जाऊन या". आपल्याकडे निघताना "जातो" म्हणणे अशुभ मानतात, तोच भाव. हा शब्द मला पहिल्याच महिन्यात शिकवला गेला होता. गेल्या नोव्हेंबरात हे शेजारच्या काकांचा हात धरून पहिल्यांदा फाटकापर्यंत फिरायला निघाले. दाराशी काठी टेकून थांबले, माझ्याकडे वळले, आणि बराच वेळ ओठ हलवून म्हणाले, "ये... येतो गं." मला "हळू या" म्हणायचे होते, पण या वेळी शब्द माझ्याच तोंडातून निघाला नाही.

आपल्या दैनिकाने वाचाघाताविषयी आणि त्यावरच्या वाचोपचारांविषयी जाणकारांकडून एखादा सविस्तर लेख लिहवून घ्यावा, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीवर वाचोपचाराची एक ओळ लिहिली जावी यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती. डिसेंबरात मी एन फोर पातळीच्या परीक्षेला बसणार आहे. केंद्रापर्यंत सोडायला हे रिक्षातून येणार असे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि "रिक्षा" हा शब्द त्यांना गेल्या आठवड्यातच आला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे